खिळे सापडले, खण हरवले

दिवाळी अंकांचं काम अंगावर आलं की शनिवार पेठेतल्या अक्षरजुळणीच्या खोल्यांमधले दिवे रात्री अकरालाही मालवत नाहीत. आप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं दिसतात, पण पुस्तकांची पानं लागतात ती आतल्या गल्ल्यांत. पाडलेल्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेली कागदाची रिमं. अशा खोल्यांमधली मशीनं मी दुरुस्त करतो. वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम.

मेहुणपुऱ्यातल्या एका काकूंचा सकाळी साडेसातला फोन आला. “दादा, मशीन चालू होत नाहीये. आतून टिक-टिक आवाज येतोय.”

“आधी बंद करा काकू. परत बटण दाबू नका, मी येतोच.”

हार्डडिस्कच्या आत मिनिटाला पाच-सात हजार फेरे घेणारी चकती असते आणि तिच्यावरून, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर राखून, वाचणारं टोक तरंगत असतं. टिक-टिक म्हणजे ते टोक आपली जागा शोधतंय आणि त्याला ती मिळत नाहीये. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघितली की वाचण्यासारखं जे उरलेलं असतं, तेही खरवडून जातं.

पोचल्यावर नेहमीचा प्रश्न विचारला. “बॅकअप आहे ना?”

“आहे की. सगळा डी ड्राइव्हला आहे.”

हे उत्तर ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. “सीला काही ठेवू नका, डीला ठेवा,” हा सल्ला आमच्याच धंद्यातल्या माणसांनी घराघरांत पोचवला. तो खोटा नव्हता, अर्धा होता. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कवरच्या दोन खोल्या असतात. विंडोज बिघडलं, फॉरमॅट मारला, तर सी पुसलं जातं आणि डी वाचतं. डिस्कच गेली तर घरच कोसळलं, खोली कुठली राहणार?

काकूंचं नशीब बरं, भाच्याने तीन आठवड्यांपूर्वी कामाची फोल्डरं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवली होती. नवी डिस्क घातली, विंडोज टाकलं, पानं लावायचा प्रोग्राम टाकला, फाइली आणल्या. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर दिसत होतं. काकूंनी अंकाची फाइल उघडली आणि पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस, डॉलर यांच्या ओळीच्या ओळी. कथेच्या शीर्षकाच्या जागी तसलीच चार चिन्हं, मोठ्या टायपात. काकू काही बोलल्या नाहीत. खुर्ची जरा मागे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

फाइल शाबूत होती. त्यातलं एक अक्षरही गेलेलं नव्हतं. गेला होता तो फॉन्ट.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण मराठीत छापलेल्या कित्येक वर्षांच्या मजकुराचं भवितव्य याच गोष्टीवर टांगलेलं आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्वतःची जागा मिळाली आणि विंडोज २००० पासून ती विंडोजच्या मशीनवर वापरताही येऊ लागली. पण त्याच्या आधीच आपल्याकडे अक्षरजुळणी कॉम्प्युटरवर गेली होती. तेव्हाच्या फॉन्टांनी एक तोड काढली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. एका घरात क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात अर्धा ल, चौथ्यात रफार. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजी चिन्हांचाच, फॉन्ट असेपर्यंत डोळ्यांना मराठी दिसणार. शिवाय कुठल्या घरात कुठलं अक्षर, हे प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने आपल्यापुरतं ठरवलं. त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या फाइलला चालत नाही. पेठेतल्या कपाटांत अशा फाइलींच्या सीडी अजून भरलेल्या आहेत, आणि नव्या आवृत्तीसाठी त्या पुन्हा काढाव्याच लागतात.

मग फॉन्ट शोधायची धावपळ. एका ओळखीच्या अक्षरजुळणीवाल्याकडे त्याच नावाचा फॉन्ट मिळाला. पडद्यावर मराठी उमटलं आणि आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला. पाच मिनिटांत काकू म्हणाल्या, “दादा, पानं वाढलीत.” १६० पानांचा अंक १६३ वर गेला होता. फॉन्टचं नाव तेच, आवृत्ती वेगळी. अक्षरांच्या रुंदीत नजरेला न दिसणारा फरक, पण ओळीला एखादा शब्द खाली ढकलला गेला की परिच्छेद एका ओळीने वाढतो, आणि दीडशे पानांत त्याची तीन पानं होतात. जाहिरातींची पानं ठरलेली, अनुक्रमणिका लागलेली. सगळंच हललं.

शेवटी ती आजारी डिस्क माझ्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून लावली. तिच्यातून थेट काही न उघडता, आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवत गेलो. जिथे वाचता येत नाही तो भाग सोडून पुढे, मग परत मागे. रात्र गेली. पहाटे त्या प्रतीतून काकूंचे फॉन्ट निघाले. अंक वेळेवर छापायला गेला.

घरी परतताना मला आजोबांचा छापखाना आठवत होता. मी तो पाहिलेला नाही, वडिलांच्या तोंडून ऐकलेला आहे. ओंकारेश्वराच्या बाजूला, तळमजल्यावर. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचंही गेलं, आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. घरची माणसं वाचली. पाणी ओसरल्यावर आजोबा दुकानात गेले तर यंत्र जागेवर होतं आणि खिळेही बहुतेक तिथेच होते. शिशाच्या खिळ्याला पाणी काय करणार? पण ते ज्या लाकडी पेट्यांत राहायचे, ज्यांना छापखान्यात केस म्हणतात, त्या उपड्या झाल्या होत्या. देवनागरीच्या केसांना शेकडो खण लागतात, कारण सुट्टी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा या सगळ्यांना वेगळी घरं. जुळारी खणाकडे बघत नाही, त्याचा हात आपोआप तिथे जातो. आता ते सगळे खिळे चिखलाच्या एकाच ढिगात होते. वडील तेव्हा शाळेत होते. एकेक खिळा धुवायचा, उजेडाकडे धरून उलटं अक्षर वाचायचं आणि त्याच्या खणात टाकायचं, हे काम पावसाळा सरला तरी सरलं नव्हतं.

कॉम्प्युटरमधले खण म्हणजे प्रोफाइल आणि सेटिंग. बॅकअप घेताना माणसं खिळे उचलतात, खण विसरतात.

विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर युजर्स नावाचं फोल्डर असतं, त्याच्या आत तुमच्या नावाचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे त्यातलं दिसणारं. त्याच्याच शेजारी ॲपडेटा नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, आणि खरी गंमत तिथे आहे. ब्राउझरचे बुकमार्क, प्रोग्रामांची सेटिंगं, टाइप करताना शिकवलेले शब्द, बरंच काही तिथे साठतं. विंडोज १० च्या २०१८ सालच्या ऑक्टोबर अपडेटपासून फॉन्टही तिथे जाऊ लागले. फॉन्टच्या फाइलवर डबल-क्लिक करून नुसतं इन्स्टॉल दाबलं, तर तो सगळ्या मशीनच्या फॉन्टांत न जाता त्या एका युजरच्या ॲपडेटात जाऊन बसतो. भाच्याने मामीच्या कामाची सगळी फोल्डरं इमानाने उतरवली होती. जे त्याला दिसतच नव्हतं, ते तो कसं उतरवणार?

प्रोफाइलमध्ये आणखी एक लपलेली फाइल असते, एनटीयूजर डॅट. त्या युजरच्या आवडीनिवडींची ती वही. कळफलकाची मांडणी, प्रिंटर कोणता पहिला, खिडक्या कशा उघडायच्या, अशा हजार बारक्या गोष्टी. तुम्ही मशीनवर बसलेले असता तेव्हा ही वही विंडोजच्या हातात उघडी असते, म्हणून साध्या कॉपी-पेस्टने ती उचलता येत नाही. त्यासाठी बॅकअपचा प्रोग्रामच लागतो. काकू जुन्या मराठी टाइपरायटरवर शिकलेल्या. नव्या विंडोजने त्यांना वेगळीच मांडणी दिली होती आणि चाळीस वर्षांचा हात एका दिवसात अडखळायला लागला. ती मांडणी परत लावून दिली तेव्हा त्या पडद्याकडे बघत, कळांकडे न बघता, पुन्हा भराभर टाइप करू लागल्या.

या प्रोफाइलच्या बाबतीत दोन प्रसंग इतक्या घरांत घडतात की ते सांगायलाच हवेत.

एखाद्या सकाळी मशीन चालू करता आणि डेस्कटॉप कोरा. फोटो नाहीत, फाइली नाहीत, कोपऱ्यात सूचना की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात. छातीत धस्स होतं. पण बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. विंडोजला तुमची वही उघडता आली नाही, म्हणून त्याने पाहुण्याला द्यावी तशी कोरी खोली दिली. युजर्समध्ये तुमचं जुनं फोल्डर तसंच असतं. अशा वेळी त्या कोऱ्या डेस्कटॉपवर काम करत बसू नका, कारण बाहेर पडताच तिथलं सगळं पुसलं जातं. मशीन एकदा-दोनदा पुन्हा चालू करून पाहा. तरी तसंच असेल तर विंडोज ज्या यादीत प्रोफाइलांची नोंद ठेवतं, ती दुरुस्त करावी लागते. ते जाणकाराकडून करून घ्या, पण घाबरून फॉरमॅट मारू नका.

दुसरा प्रसंग नव्या मशीनचा. जुनी डिस्क लावली, आपलंच नाव असलेलं फोल्डर उघडायला गेलात, तर परवानगी नाही. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, त्याला दिलेल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. नवं विंडोज म्हणजे नवा क्रमांक, मग नाव तेच असलं तरी तुम्ही त्याच्यासाठी परके. मालकी बदलून घेतली की फोल्डर उघडतं. मात्र जुनं प्रोफाइल उचलून नव्यावर सरसकट ओतायचं नाही. हवं ते निवडून, एकेक करून आणायचं, नाहीतर जुनी दुखणीही सोबत येतात. आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली हातात असल्याशिवाय यातलं काहीच होत नाही. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किल्ली आहे का ते आजच बघा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण किल्लीवाचून परत पाठवलेल्या माणसाचा चेहरा मला विसरता येत नाही.

सिस्टिम रिस्टोअरबद्दल थोडक्यात. हे २००० साली विंडोज एमईबरोबर आलं. एखादा ड्रायव्हर किंवा अपडेट टाकल्यावर मशीन बिघडलं, तर ते सिस्टिमच्या फाइली, रजिस्ट्री आणि प्रोग्राम आधीच्या तारखेला नेऊन ठेवतं. तुमच्या पत्राला, फोटोला, पुस्तकाच्या फाइलला ते हात लावत नाही. म्हणजे पुसलेली फाइल त्याने परत येत नाही. शिवाय बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं.

खिळे आणि खण दोन्ही एकदम हवे असतील तर सिस्टिम इमेज. सगळ्या डिस्कचा जसाच्या तसा ठसा, विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट, प्रोफाइल, सगळं धरून. हा ठसा तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवला की मशीन त्या दिवशी जसं होतं तसं उभं राहतं. मशीन चालू करून ठशापर्यंत पोचवणारा एक पेनड्राइव्ह मात्र आधीच करून ठेवावा लागतो. अक्षरजुळणीच्या खोल्यांना मी आग्रहाने हेच करायला लावतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. तिच्यावर पानं लावणारी मशीनं पेठेत अजून आहेत आणि तिच्या मूळ सीडी कुठे आहेत हे कोणाला आठवत नाही. अशा मशीनचा ठसा हाच त्याचा पुनर्जन्म. काही मराठी सॉफ्टवेअरांना मशीनच्या मागे खोचायचा डाँगल लागतो. तो कुठल्याच बॅकअपमध्ये जात नाही, त्याला दागिन्यासारखंच जपावं लागतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबला आणि कितीतरी जणांनी मशीनं बदलली. डिस्क जाते तेव्हा निदान माणूस सावध होतो. नवं मशीन आनंदाने घेताना खण सर्वांत जास्त हरवतात.

आता प्रती कुठे ठेवायच्या ते. आजोबांच्या छापखान्यात उधारीच्या वहीची दुसरी प्रत होती. आजोबा शिस्तीचे होते. ती मागच्या खोलीत, फडताळात. पाणी दोन्ही खोल्यांत एकाच वेळी शिरलं. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास ३-२-१ हा नियम लोकांपुढे ठेवला. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. पानशेत पाहिलेल्या पेठेला त्यातला शेवटचा १ समजावून सांगावा लागू नये.

“पण माझं सगळं आपोआप ड्राइव्हवर जातं,” असं हल्ली तरुण मंडळी म्हणतात. आपोआप जातं, तसं आपोआप पुसलंही जातं. दोन ठिकाणच्या फाइली सतत सारख्या ठेवणं म्हणजे आरसा. इथे चूक झाली की ती तिथेही लगेच उमटते. गुगल ड्राइव्हच्या कचऱ्यात पुसलेली फाइल ३० दिवस राहते, हा मोठा आधार आहे. पण तिसरं प्रकरण चुकून चौथ्यावर सेव्ह झालंय, हे लेखकाच्या लक्षात प्रुफं आल्यावर येतं, कधी दोन महिन्यांनी. बॅकअप म्हणजे मागच्या तारखांच्या प्रती, आज काहीही केलं तरी न बदलणाऱ्या.

याचं मोठं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलं. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा हल्ला सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातली मशीनं बंद पडली. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं गेटवे टर्मिनल त्यात सापडलं आणि तिथलं काम ठप्प झालं. मर्स्ककडे डेटाचे बॅकअप होते. नव्हती ती कोण माणूस कोण आणि त्याला कुठे जायची परवानगी, याची नोंदवही. ती ठेवणारे जवळपास १५० सर्व्हर होते, डोमेन कंट्रोलर म्हणतात त्यांना. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत, म्हणून एक गेला तर दुसरा आहेच, असा भरवसा होता. हल्ल्यात ते सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे नेमकी त्या वेळी वीज गेलेली होती. आफ्रिकेतून ती डिस्क विमानाने, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत, इंग्लंडला नेली. त्या एका वहीवरून पुढची उभारणी झाली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने टाकले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. इतक्या मोठ्या कंपनीचेही खिळे होते आणि खण नव्हते.

म्हणून बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क हल्ल्याच्या हातातच असते. परत आणतानाही घाई नको. आधी मशीन स्वच्छ आहे याची खात्री, मग डिस्क लावायची, आणि जुन्या फाइली चालू कामावर न ओतता वेगळ्या फोल्डरात उतरवायच्या. पेठेतल्या दुकानदारांना हे टॅलीच्या बाबतीत फार सांगावं लागतं. मार्चचा बॅकअप जूनच्या चालू कंपनीच्याच जागी रिस्टोअर केला तर एप्रिल ते जूनच्या नोंदी त्याखाली गाडल्या जातात, आणि ते करणाऱ्याला वाटत असतं की आपण हिशेब वाचवतोय.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी काकूंकडे परत गेलो. काही बिघडलं नव्हतं. आम्ही दोघांनी मुद्दाम वेळ काढला होता. काकूंच्या मशीनचा ठसा एका डिस्कवर होता, फॉन्ट आणि शब्दकोशाचं वेगळं फोल्डर दुसरीवर, आणि तिसरी प्रत मुलीच्या कोथरूडच्या घरी. भाच्याने त्याचं जुनं मशीन आणलं होतं. त्यात रिकामी डिस्क घातली, पेनड्राइव्हने चालू केलं आणि ठसा उतरवायला लावला. दीड तास लागला. तेवढ्यात काकूंनी पोहे केले.

मशीन उभं राहिलं. डाँगल खोचला. काकूंनी २००९ साली लावलेल्या एका पुस्तकाची फाइल काढली, आणि फळीवरून त्याच पुस्तकाची छापील प्रत. पान ९६ पडद्यावर घेतलं, पुस्तकातलं पान ९६ शेजारी उघडं धरलं, आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून एकेक ओळ ताडून बघत खाली येऊ लागल्या. सव्विसाव्या ओळीला पान संपलं. पुस्तकातला शेवटचा शब्द ‘अंगणात’ होता. पडद्यावरही तोच होता.